काउंट चुकतो, इनपुट आपोआप पडतो, बूटला रिले वाजतो: ड्रायव्हर बदलायच्या आधी हे तपासा

आपल्या कोल्हापूर भागात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, तिकडं इचलकरंजीचे ऑटोलूम, सगळीकडं आता मशीनला एक छोटा लिनक्स बोर्ड लावायची पद्धत पडलीय. प्रॉक्सीवरून, म्हणजे जवळ आलेला धातू ओळखणाऱ्या सेन्सरवरून, नग मोजायचे, सायकल टाइम काढायचा, एखादा सोलेनॉइड (व्हॉल्व्ह-क्लॅम्प ओढणारी विजेची कॉइल) नायतर हूटर चालवायचा आणि आकडे ऑफिसातल्या स्क्रीनवर टाकायचे. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकच फोन येतो, "ड्रायव्हर खराब आहे, आकडे जुळत नाहीत." हे दुखणं मी इतक्या ठिकाणी काढलंय की तपासायचा क्रम आता पाठ झालाय, तो इथं लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बऱ्याच वेळा ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे कार्डाच्या पिना आणि तुमचा प्रोग्राम यांच्या मधल्या सॉफ्टवेअरपर्यंत, जायची वेळच येत नाही, वायरिंगमध्येच सापडतं. आणि ज्या वेळी खरंच ड्रायव्हरमध्ये सापडतं त्या वेळी पिन वाचणारा-लिहिणारा कोड बरोबरच असतो, पण ड्रायव्हरचा इंटरफेस अर्धवट असतो, म्हणजे तो वरच्या प्रोग्रामला पुरेसं सांगतच नाही. वाचन फेल झालं तर सांगत नाही, पल्स हुकला तर सांगत नाही, प्रोग्राम मेल्यावर आउटपुटचं काय करायचं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून नवीन ड्रायव्हर लिहायला घेताय त्यांनी पण हे वाचा, तपासणीच्या शेवटी जे सापडतं तेच डिझाइनच्या सुरुवातीला ठरवायचं असतं.

आधी लक्षण नीट ओळखा

काउंट कमी येतो का जास्त येतो हे पहिलं विचारा, दोन्ही एकच दुखणं समजू नका. जास्त येत असेल तर एका नगाला दोन-तीन पल्स जातायत, म्हणजे कॉन्टॅक्टचा बाउन्स (जुळताना थरथरणं) नायतर नॉइज (शेजारून घुसलेले विजेचे झटके). कमी येत असेल तर पल्स आला पण कुणी बघितला नाही, म्हणजे पोलिंग (थोड्या थोड्या वेळानं पिन वाचत राहणं) हळू, डिबाउन्स (थरथर गाळायला ठरावीक वेळेपेक्षा छोटा बदल सोडून देणं) जास्त, किंवा इव्हेंटची रांग भरून वाहून गेली.

सेन्सरसमोर काही नसताना इनपुट ऑन दिसतो, किंवा सगळंच उलटं दिसतं, हे वेगळं लक्षण. बोर्ड चालू होताना रिले टक्कन ओढतो आणि सोडतो, हे अजून वेगळं, आणि हूटर असेल तर नुसतं दचकायला होतं पण क्लॅम्पचा सोलेनॉइड असेल तर माणसाचा हात सापडू शकतो, त्यामुळं हे लक्षण "चालतंय की" म्हणून कधीच सोडू नका.

मग ती कधीतरीच येणारी लक्षणं, जी सगळ्यात जास्त डोकं खातात: तीन नंबरचा आउटपुट ऑन केला की पाच नंबरचा पडतो, पण रोज नाही. तासन्‌तास बरोबर चालतं आणि मग सगळे इनपुट गोठतात, रीस्टार्ट केलं की परत ठीक. प्रोग्राम मेला तरी व्हॉल्व्ह उघडाच. आणि एक, सिस्टिम अपडेट मारली आणि काहीच चालेना.

कोणतं लक्षण, कोणत्या शिफ्टला, शेजारी कोणती मशीन चालू असताना, एवढं कागदावर लिहा. वेळ लिहिणं फार महत्त्वाचं आहे, ते पुढं नॉइजच्या तपासणीत कामाला येतं.

फुकटातली तपासणी: तीन ठिकाणी बघा

सेन्सरच्या मागचा दिवा, इनपुट कार्डवरचा दिवा, आणि स्क्रीनवर दिसणारं शून्य-एक. एकाला मशीनजवळ उभं करा, प्रॉक्सीसमोर लोखंडी पाना धरून काढायला सांगा आणि तिन्ही बघा. जिथं साखळी तुटते तिथंच दुखणं आहे, त्याच्या पुढचं काही उघडायची गरज नाही.

सेन्सरचाच दिवा लागत नसेल तर अंतर बघा. एम-१२ प्रॉक्सी दोन ते चार मिलिमीटरवर बघतो, एम-१८ पाच ते आठवर, आणि समोर ॲल्युमिनियमचा नग असेल तर लोखंडाच्या मानानं निम्म्याहून कमी अंतरावर यावं लागतं. फौंड्रीत याच्या उलट होतं, प्रॉक्सीच्या तोंडावर लोखंडाची पूड बसते आणि दिवा विझतच नाही, फडक्यानं पुसलं की बरं. पुसायच्या आधी ड्रायव्हर रीइन्स्टॉल करून दमलेली पोरं बघितलीत म्हणून हे सगळ्यात वर लिहिलं.

सेन्सरचा दिवा लागतो पण कार्डचा नाही, तर वायर किंवा व्होल्टेज. दोन्ही लागतात पण स्क्रीन बदलत नाही, तरच सॉफ्टवेअरकडं या.

मल्टिमीटर घेऊन

२४ व्होल्टची लाइन कार्डच्या टर्मिनलवर मोजा, एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, नको. औद्योगिक २४ व्होल्ट इनपुटसाठी आयईसी ६११३१-२ हे मानक आहे, त्यातल्या टाइप १ इनपुटला ५ व्होल्टपर्यंत शून्य आणि १५ व्होल्टच्या वर एक असं धरतात, टाइप ३ ला एक ११ व्होल्टपासून लागतो. मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची कुणीच हमी देत नाही. लांब बारीक वायर, ढिला लग, एकाच एसएमपीएसवर टांगलेले सोलेनॉइड, यानं सोलेनॉइड ओढताना टर्मिनलवरचं व्होल्टेज क्षणभर या मधल्या पट्ट्यात येतं आणि इनपुट थरथरतो. त्यामुळं सोलेनॉइड चालू असताना मोजा, मशीन बंद असताना मोजून काही कळत नाही.

मग कॉमन. प्रॉक्सीची तपकिरी वायर प्लसला, निळी मायनसला, काळी आउटपुट, हे सगळ्यांना माहीत असतं, पण पीएनपी सेन्सर काळ्या वायरवर प्लस देतो आणि एनपीएन ती मायनसला ओढतो, आणि कार्डचा कॉमन त्याप्रमाणं विरुद्ध बाजूला लागतो, इथं गडबड होते. उद्यमनगरात गडबडीत जो मिळाला तो सेन्सर आणून लावला, पहिला पीएनपी होता आणि हा एनपीएन निघाला, हे फार होतं. कार्डच्या एका गटाला कॉमन एकच असेल तर त्या गटात दोन जातींचे सेन्सर मिसळता येत नाहीत.

दोन वायरचा प्रॉक्सी असेल तर अजून एक. तो स्वतः जगण्यासाठी ऑफ असताना पण थोडा करंट ओढत राहतो, आणि कार्डचा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून नेऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) नाजूक असेल तर तेवढ्यावर पण इनपुट ऑन दिसतो. तीन वायरचा सेन्सर लावणं हा सोपा उपाय.

आणि ज्यांनी मध्ये ऑप्टो न घालता सेन्सर थेट रास्पबेरी पाय या लिनक्स बोर्डाच्या (पुढं नुसतं पाय म्हणतो) पिनवर आणलाय त्यांनी इथंच थांबून आधी ते बदला. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट पण त्यांना चालत नाही, २४ चा तर प्रश्नच नाही. ऑप्टो आहे पण पिनला पुल-अप किंवा पुल-डाउन (पिन वर किंवा खाली ओढून धरणारा रेझिस्टर) नाही अशी पिन हवेत तरंगते आणि शेजारून माणूस गेला तरी बदलते.

नॉइज, म्हणजे आपल्याकडचं खरं दुखणं

आपल्या भागात इंडक्शन फर्नेस, वेल्डिंग, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि मोठे कॉन्टॅक्टर एकाच शेडमध्ये असतात. वर लिहायला सांगितलेली वेळ इथं काढा. चुकीचे काउंट फर्नेसला पॉवर दिल्यावर किंवा कॉन्टॅक्टर सोडताना येत असतील तर ड्रायव्हरला हात लावू नका.

स्वस्तातला उपाय पहिला: डीसी रिले आणि सोलेनॉइडच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टा प्लसकडं. काही रुपयांचा डायोड आहे. कॉइल सोडताना तिच्यात साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका देते आणि तो झटका शेजारच्या इनपुट वायरीत घुसतो, डायोड त्याला कॉइलमध्येच फिरवून संपवतो. रिले सोडायला किंचित उशीर लागतो एवढंच. एसी कॉन्टॅक्टरला डायोड चालत नाही, तिथं आरसी स्नबर लागतो, आणि तो २३० व्होल्टचा विषय आहे म्हणून वायरमनकडूनच लावून घ्या.

दुसरं, सेन्सरची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली असते. ती वेगळी करा, आडवी छेदायची असेल तर काटकोनात छेदा, शील्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल धरते, जुलै-ऑगस्टमध्येच तक्रार येत असेल तर बॉक्स उघडून टर्मिनलवर हिरवं चढलंय का बघा.

सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स वाढवून नॉइज झाकायचा मोह होतो. झाकला जातो, मात्र त्याच्याबरोबर खरे पल्स पण जातात, त्याचं गणित खाली आहे.

आता सॉफ्टवेअर: लाइन कुणाच्या हातात आहे

अजून पण फुकटच आहे. लिनक्सच्या कमांड विंडोत जीपीआयओइन्फो ही कमांड चालवा (जीपीआयओ म्हणजे बोर्डाच्या इनपुट-आउटपुट पिना, लिनक्स प्रत्येकीला लाइन म्हणतं). कोणती लाइन इनपुट, कोणती आउटपुट, कुणी धरून ठेवलीय, उलटी केलीय का, सगळं एका नजरेत दिसतं. तुमच्या प्रोग्रामनं लाइन घेताना स्वतःचं नाव दिलं असेल तर ते पण दिसतं, म्हणून नाव द्यायची सवय लावा, "क्लॅम्प-व्हॉल्व्ह" असं दिसलं की रात्री दोन वाजता पण कळतं.

लाइन बिझी असा एरर येत असेल तर तो एरर तुमचा मित्र आहे, दुसरा प्रोग्राम तिथं बसलाय हे तो सांगतोय. काही जण हा एरर नको म्हणून थेट मेमरीतून रजिस्टर लिहिणारी लायब्ररी वापरतात. तिथं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काही कळतच नाही, दोन प्रोग्राम एकाच पिनवर लिहितात आणि कुणीच तक्रार करत नाही. कधीतरीच पडणारे आउटपुट बऱ्याच वेळा इथून येतात.

मग तुमचा प्रोग्राम बंद करून त्याच लाइनवर जीपीआयओमॉन ही कमांड लावा आणि दहा-वीस नग जाऊ द्या. तो प्रत्येक एज (शून्याचं एक किंवा एकाचं शून्य होणं) वेळेसकट दाखवतो. इथं आकडा बरोबर आला तर हार्डवेअर आणि कर्नल दोन्ही सुटले, दुखणं तुमच्या प्रोग्राममध्ये. इथं पण चुकला तर वर जा, परत वायरिंग.

अपडेटनंतर बंद पडलंय

याचं कारण जवळजवळ ठरलेलं आहे: कोडमध्ये पिनचे आकडे थेट लिहिलेत. जुनी सिसएफएसची पद्धत, जिथं फाइलमध्ये पिनचा नंबर लिहून एक्सपोर्ट करायचे, ती कधीच मोडीत काढायची ठरलीय. २०१६ मध्ये कर्नल ४.८ ला तिच्या जागी कॅरेक्टर डिव्हाइस ही नवी पद्धत आली, २०२० च्या शेवटी ५.१० ला त्याची दुसरी आवृत्ती आली. सिसएफएसमधले नंबर सगळ्या सिस्टिमचे मिळून असतात आणि कर्नल ते बदलू शकतो. रास्पबेरी पायवर ६.६ कर्नलला सुरुवातच ५१२ पासून झाली, म्हणजे १७ नंबरची पिन ५२९ झाली, आणि १७ लिहिलेले सगळे प्रोग्राम एका दिवसात बंद पडले. पाय ५ वर तर चिपचा नंबरच आधी चार होता आणि नंतरच्या कर्नलला शून्य झाला. लिबजीपीआयओडी लायब्ररीची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिची फंक्शनं पहिल्याशी जुळत नाहीत, त्यामुळं जुना कोड तिच्यावर कंपाइलच होत नाही.

उपाय एकच, लाइन नावानं मागा. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) लाइनला नाव द्या आणि प्रोग्रामनं नावच वापरावं. आणि चालत्या मशीनवर अपडेट आपोआप होऊ देऊ नका, टेबलावरच्या बोर्डावर आधी बघा.

बूटला रिले का वाजतो

बोर्डला पॉवर मिळाल्यापासून तुमचा प्रोग्राम सुरू होईपर्यंत बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ पिन इनपुटच असते. पायवर रीसेट झाल्यावर ० ते ८ नंबरच्या पिनांना आतून पुल-अप असतो आणि ९ ते २७ ला पुल-डाउन. रिले बोर्ड लोवर ओढणारा आहे का हायवर, त्याप्रमाणं पिन निवडा, आणि आतल्या पुलवर विसंबू नका, तो ५० किलोओहमच्या आसपासचा कमजोर असतो. बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर रिले ऑफ राहील त्या बाजूला लावा. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओची ओळ टाकून फर्मवेअरलाच पिन सुरुवातीपासून ठरावीक लेव्हलला धरायला सांगता येतं, ते पण करा.

मग कोड. आधी दिशा आउटपुट करायची आणि पुढच्या ओळीत किंमत लिहायची, यात मधले काही मायक्रोसेकंद पिन जुन्या किमतीवर असते. लाइन मागतानाच सुरुवातीची किंमत द्यायची सोय कर्नलमध्ये आहे, तीच वापरा. स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल तर आधी लॅचमध्ये (आउटपुटची किंमत धरून ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) किंमत, मग दिशा.

जुन्या मशीनवर ८२५५ चिपची २४ लाइनची कार्डं अजून पण चालतायत. त्या चिपला मोडचा कंट्रोल वर्ड लिहिला की सगळे आउटपुट लॅच शून्य होतात, चिपचा स्वभावच तो. रिले बोर्ड लोवर ओढणारा असेल तर सगळे रिले एकदम ओढतात. कोडमधून हे पूर्ण टाळता येत नाही. रिले बोर्डचा सप्लाय एका वेगळ्या एनेबल रिलेतून न्या, आणि ड्रायव्हर तयार झाल्यावरच तो द्या. आणि चालू असताना ड्रायव्हरनं परत मोड लिहायचा नाही, एका पोर्टची दिशा बदलायला म्हणून पण नाही.

हुकणारे पल्स, यात वेळ घालवा

इथं गणित करा, अंदाज नको. समजा लूम मिनिटाला ६०० फेऱ्या घेतोय. सेकंदाला दहा, एक फेरी १०० मिलिसेकंद. शाफ्टवरची पट्टी ३६० पैकी २० अंश व्यापते, म्हणजे पल्स साडेपाच मिलिसेकंदाचा. आता पायथनमध्ये दहा मिलिसेकंद झोपून वाचणारा लूप लावला तर निम्म्याच्या आसपासच पल्स सापडणार. आणि दहा मिलिसेकंदाचा डिबाउन्स लावला तर एक पण नाही. स्क्रीनवर शून्य, आणि ड्रायव्हरचं नाव बदनाम.

लिमिट स्विच, पुश बटण, रिलेचा कॉन्टॅक्ट हे यांत्रिक आहेत, ते काही मिलिसेकंद थरथरतात, त्यांना ५ ते २० मिलिसेकंद डिबाउन्स पाहिजेच. प्रॉक्सीत हलणारा कॉन्टॅक्टच नाही, त्याला डिबाउन्स अगदी कमी किंवा शून्य. म्हणून पूर्ण कार्डाला एकच डिबाउन्स देणारा ड्रायव्हर कामाचा नाही, तो प्रत्येक लाइनला वेगळा ठेवता आला पाहिजे. कॅरेक्टर डिव्हाइसच्या दुसऱ्या आवृत्तीत तो मायक्रोसेकंदात लाइनवार देता येतो.

पोलिंग सोडून एज इव्हेंटवर या. कर्नल प्रत्येक एजला नॅनोसेकंदातली वेळ आणि क्रमांक देतो. सायकल टाइम या वेळेवरून काढा, प्रोग्रामनं वाचल्याच्या वेळेवरून नको, कारण प्रोग्रामला डेटाबेसमध्ये लिहिताना उशीर झाला की सगळा सायकल टाइम वाकडा दिसतो आणि बिचाऱ्या ऑपरेटरवर खापर फुटतं. क्रमांक तर फारच कामाचा. इव्हेंटची रांग न मागता लाइनमागं १६ ची असते, प्रोग्राम अडकला आणि ती भरली की जुने इव्हेंट टाकून दिले जातात. ४१ नंतर एकदम ५८ आला तर मधले १६ हुकलेत हे कळतं, आणि कळलं की तसं लॉगमध्ये टाका. चुकीचा आकडा गुपचूप दाखवण्यापेक्षा "इथं हुकलंय" असं दाखवणारा स्क्रीन सुपरवायझरला जास्त उपयोगी पडतो.

एक्स्पांडर, गोठणारे इनपुट आणि पडणारे आउटपुट

पिना कमी पडल्या की आयटूसीवर, म्हणजे चिप जोडायच्या दोन वायरच्या बसवर, एमसीपी२३०१७ हा एक्स्पांडर लावतात, १६ लाइनची चिप, २० ते २७ हेक्स असे आठ पत्ते. दोन दुखणी नेहमीची.

गोठणं: इनपुट बदलला की चिप इंटरप्टची, म्हणजे "मला वाचा" असं सांगणारी, वायर खाली ओढते आणि तुम्ही पोर्ट वाचेपर्यंत खालीच धरते. होस्टनं, म्हणजे तुमच्या बोर्डानं, फॉलिंग एजवर (वायर खाली जातानाच) इंटरप्ट लावला असेल आणि वाचतानाच दुसरा इनपुट बदलला, तर वायर वर न जाता खालीच राहू शकते. नवीन एज येणार नाही, होस्ट वाचणार नाही, चिप सोडणार नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. इंटरप्ट लेव्हलवर लावा, किंवा वायर वर जाईपर्यंत परत परत वाचा. शिवाय आयटूसी वाचताना कोडला वाट बघत झोपावं लागतं, त्यामुळं हे काम इंटरप्टच्या थ्रेडमध्येच करायचं, थेट हँडलरमध्ये नाही. आणि आयटूसीची वायर पॅनेलबाहेर नेऊ नका, त्या बसला एकूण ४०० पिकोफॅरडची मर्यादा आहे, मशीनपर्यंत लांबवायला ती केलेलीच नाही.

पडणारे आउटपुट: एक बिट बदलायचा म्हणून ड्रायव्हर पोर्ट वाचतो, बिट बदलतो, परत लिहितो. वाचताना लॅच न वाचता पिनच वाचली आणि लोडमुळं पाच नंबरची पिन त्या क्षणी खाली बसलेली असेल, तर ती शून्य म्हणून परत लिहिली जाते आणि कायमची पडते. आउटपुट बदलताना कायम लॅच वाचा किंवा मेमरीत प्रत ठेवा, आणि वाचणं-बदलणं-लिहिणं एकाच लॉकच्या आत. एसटीएम३२ च्या बीएसआरआरसारखं बिट सेट-रीसेटचं वेगळं रजिस्टर हार्डवेअरमध्ये असेल तर तेच वापरा, तिथं हा प्रश्नच येत नाही.

सगळं तपासून झालं आणि दुखणं इंटरफेसमध्येच निघालं

मग ड्रायव्हर वरच्या प्रोग्रामला काय देतो ते कागदावर मांडा. मी हे बघतो.

वाचन फेल झालं तर वेगळं कळतं का? सगळ्यात घातक फंक्शन मी बघितलंय ते असं की बस एरर आला की उणे एक परत देतं आणि वरचा प्रोग्राम "इनपुट असेल तर" एवढंच विचारतो. सी मध्ये उणे एक म्हणजे खरंच धरलं जातं. म्हणजे केबल निघाली की गार्ड बंद आहे असं मशीनला वाटणार. किंमत आणि एरर कधीच एका आकड्यात कोंबू नका.

गटातले सगळे इनपुट एकाच वेळचे मिळतात का? एकेक लाइन वाचत गेलात तर पहिली आणि आठवी वेगवेगळ्या क्षणाची असते, आणि "क्लॅम्प उघडा पण, बंद पण" अशी न होणारी अवस्था दिसते. लिहिताना मास्क (कोणत्या लाइन बदलायच्या ते) आणि किंमत अशी जोडी पाहिजे, म्हणजे ज्या लाइन तुमच्या नाहीत त्यांना धक्का लागत नाही.

उलट-सुलट एकाच ठिकाणी ठरतंय का? लाइन लोवर चालते हे डिव्हाइस ट्रीमध्ये एकदाच लिहा, वर फक्त ऑन-ऑफ जाऊ दे. इथं एक उलटं, तिथं एक उलटं असं झालं की मेंटेनन्सवाला बदलला की घोळ सुरू.

आणि प्रोग्राम मेला तर? लिनक्समध्ये लाइन सोडल्यावर ती कोणत्या अवस्थेत राहील याची हमी नाही. प्रत्येक आउटपुटची सुरक्षित अवस्था आधी लिहून घ्या, आणि ठरलेल्या वेळात प्रोग्रामकडून खूण आली नाही तर ड्रायव्हरनं किंवा बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरनं आउटपुट तिथं न्यावेत अशी सोय इंटरफेसमध्येच ठेवा. पायच्या वॉचडॉगची (सिस्टिम अडकली की बोर्ड रीस्टार्ट करणाऱ्या टायमरची) कमाल मुदत १५ सेकंदांच्या आसपास आहे, स्क्रीन परत चालू करायला ठीक, क्लॅम्पसाठी अजिबात नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

इमर्जन्सी स्टॉप, प्रेसचं दोन हातांचं बटण, गार्डचा स्विच, फर्नेसचं टिल्टिंग, यातलं काही तुमच्या बोर्डातून आणि ड्रायव्हरमधून जात असेल तर त्याच क्षणी थांबा. ते सेफ्टी रिलेतून वायरनं जायला पाहिजे, ड्रायव्हरला फार तर त्याची खबर मिळावी. ड्रायव्हर कितीही चांगला लिहिला तरी हे बदलत नाही, आणि हे काम मशीन सेफ्टी जाणणाऱ्या इंजिनिअरचंच आहे.

पॅनेलमधलं २३० किंवा ४१५ व्होल्ट उघडं पडत असेल, अर्थिंग मोजायचं असेल, अर्थ आणि न्यूट्रलमध्ये शंका वाटत असेल, तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन. कार्ड जळाल्याचा वास येत असेल तर दुसरं कार्ड लावून बघू नका, ज्यानं पहिलं जाळलं ते तिथंच आहे. मशीन वॉरंटीत असेल तर उत्पादकाच्या सर्व्हिसवाल्यालाच उघडू द्या. आणि जीपीआयओमॉन बरोबर दाखवतो, प्रोग्राम बरोबर आहे, तरी कर्नलचा लॉग एरर दाखवून बोर्ड मरत असेल, तर कर्नल ड्रायव्हर लिहिणारा माणूस शोधा, चालत्या मशीनवर शिकू नका.

बोलवताना त्याला हे हातात द्या: कर्नलची आवृत्ती, जीपीआयओइन्फोचं पूर्ण आउटपुट, जीपीआयओमॉनचा पाच मिनिटांचा लॉग, टर्मिनलवरच्या व्होल्टेजचे आकडे मशीन चालू असतानाचे, वायरिंगचा फोटो, आणि तुम्ही लिहिलेली ती वेळांची यादी. एवढं असलं की येणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिल पण.